स्वतःच छापा, पण एकट्यानं नको

मुंबईत १९७६ साली ‘क्लिअरिंग हाउस’ सुरू झालं ते चार कवींच्या हिमतीवर. आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरुण कोलटकर आणि अलाहाबादचे अरविंद कृष्ण मेहरोत्रा. भारतातल्या इंग्रजी कवितेला तेव्हा प्रकाशक क्वचितच मिळायचा. मग चौघांनी आपली पुस्तकं आपणच काढायची ठरवलं. पहिल्याच वर्षी चौघांचेही संग्रह निघाले. त्यातला एक कोलटकरांचा ‘जेजुरी’. पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

कोलटकरांना हा मार्ग नवा नव्हता. पन्नासच्या दशकात दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्यासोबत त्यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं होतं, तेही सायक्लोस्टाइल करून. आज प्रिंटरचं बटण दाबणाऱ्यांना ते काम समजावून सांगायला हवं. मेणाचा थर दिलेला पातळ स्टेन्सिल कागद घ्यायचा. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर अक्षरं ठोकायची, किंवा धातूच्या टोकाच्या लेखणीनं कोरायची. अक्षराच्या जागचं मेण निघून जायचं. मग तो कागद यंत्राच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचं. शाई त्या फटींतून झिरपून खालच्या कागदावर उमटायची. हात काळे व्हायचे, आणि शेवटच्या प्रती फिकट निघायच्या. पण कवितेत काय असावं आणि काय नसावं, हे सांगणारं बाहेरचं कुणी नसायचं.

साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’, राजा ढाले यांचं ‘येरू’ अशी अनियतकालिकं निघत गेली. ‘सत्यकथा’ या मान्यवर मासिकाच्या अभिरुचीवर त्यांनी कडाडून हल्ला चढवला. प्रस्थापितांनी दारं पूर्ण बंद केली होती, असं मात्र नाही. नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीनं काढली, म्हणजे जाणता प्रकाशक तेव्हाही होता. पण एका जाणत्या माणसावर सगळ्या भाषेचा भार टाकता येत नाही. दलित लेखकांसाठी तर स्वतःचं व्यासपीठ ही गरजच होती, आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकानं ती अनेक दशकं भागवली.

या साऱ्यातून मला एकच गोष्ट ठळक दिसते. ही माणसं एकटी नव्हती. शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’नं १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या आणि कोलटकरांच्या अखेरच्या काळातली ‘भिजकी वही’सुद्धा. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, जाहिरातक्षेत्रात मुरलेले कोलटकर क्लिअरिंग हाउसच्या पुस्तकांची मुखपृष्ठं स्वतः करत. अक्षरांकडे, कागदाकडे, मजकुराकडे बारकाईनं बघणारी दोन-चार माणसं प्रत्येक पुस्तकामागे होती. मालक नव्हता, पण संपादक होता.

आज मागणीनुसार पन्नास प्रती छापून मिळतात, ई-पुस्तक तर घरबसल्या निघतं. आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो, आणि तो लेखकाला स्वतःच्या नावानंही घेता येतो. तरीही अनेक नवे कवी पदरमोड करून कुणाच्या तरी प्रकाशनाचं नाव विकत घेतात, आणि संपादनावर मात्र छदाम खर्च करत नाहीत. हे मला घातक वाटतं. पैसे खर्चच करायचे असतील तर ते चांगल्या संपादकाला आणि मुद्रितशोधकाला द्या.

आणखी एक काम राहून जातं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढलं की ही जबाबदारी तुमची. प्रती ग्रंथालयात पोचल्या नाहीत तर काय होतं ते बघा: अनियतकालिकांचे कितीतरी अंक आज खासगी संग्रहांतच उरले आहेत. तुमच्या माळ्यावर त्यातला एखादा सापडला, तर रद्दीत घालू नका; जवळच्या मोठ्या ग्रंथालयाला नेऊन द्या.