विंडोज एक्सपी आणि व्हर्च्युअल मेमरी

म्हणजे काय? रॅम अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरते. ही कल्पना मँचेस्टरच्या ॲटलस संगणकावर 1962 मध्ये प्रत्यक्षात आली.

कुठे असते? सी ड्राइव्हवरच्या ‘पेजफाइल डॉट सिस’ या फाइलमध्ये. फाइल लपवलेली असते. जागा कमी पडते म्हणून ती पुसायला जाऊ नये.

किती? एक्सपी स्वतःहून ठरवते तेव्हा सुरुवातीचा आकार साधारणपणे रॅमच्या दीडपट, कमाल तिप्पट. 512 एमबी रॅम असेल तर 768 आणि 1536 एमबी.

बदलायचे कसे? ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सखालचे सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग चेंज. ‘कस्टम साइज’ निवडून दोन्ही आकडे एमबीमध्ये भरायचे आणि आधी ‘सेट’, मग ‘ओके’ दाबायचे. ‘सेट’ राहिले तर भरलेले आकडे लागू होत नाहीत, आणि नेमके तेच बटण विसरले जाते. आकार कमी केल्यास संगणक रीस्टार्ट करावा लागतो.

दोन्ही आकडे सारखे का ठेवतात? फाइल सतत लहान-मोठी होत नाही, डिस्कवर तिचे तुकडे पडत नाहीत. आकडे भरण्याआधी डिस्क डिफ्रॅग केलेली, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवून घेतलेले बरे.

वेग : रॅमचा प्रतिसाद नॅनोसेकंदांत, हार्ड डिस्कचा मिलिसेकंदांत. त्यामुळे पेजफाइल वाढवून ‘मेमरी कमी’चा इशारा थांबतो, संगणक वेगवान होत नाही.

लक्षात ठेवा : एक्सपीचे सुरक्षा अपडेट 8 एप्रिल 2014 रोजी बंद झाले.