अर्थशास्त्रीय संशोधनात साहाय्यकाचे स्थान

विद्यापीठीय अर्थशास्त्रातील संशोधन-साहाय्यक म्हणजे आकडे उतरून काढणारा कारकून, अशी समजूत पुष्कळांची असते. ती यथार्थ नाही. प्रश्न मांडणे व निष्कर्ष काढणे हे मुख्य संशोधकाचे काम खरे. परंतु ज्या आकडेवारीवर तो निष्कर्ष उभा राहावयाचा ती गोळा करणे, पारखणे, संगणकावर तिचे गणित करणे आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवणे ही कामे बहुधा साहाय्यकाकडेच येतात.

यांतील पारखण्याचे काम सर्वांत नाजूक होय. कोष्टकातील रिकामा रकाना म्हणजे शून्य, की माहितीचा अभाव? एका वर्षाची रक्कम रुपयांत आणि दुसऱ्या वर्षाची हजार रुपयांत तर दिलेली नाही ना? असे प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतात. तथापि त्यांच्या उत्तरांवर निष्कर्षाची दिशा अवलंबून असते.

याचे एक बोलके उदाहरण सर्वश्रुत आहे. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ज्या प्रगत देशांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांहून अधिक होते, त्यांच्या वाढीचा सरासरी दर उणे 0.1 टक्का दाखविला होता. सरकारी खर्चात काटकसर करावी असे म्हणणाऱ्यांनी या निबंधाचा आधार वारंवार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मिळवून गणित पुन्हा केले. तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्याचे त्यास आढळले. न्यूझीलंडची काही वर्षेही वगळली गेली होती. शिवाय ब्रिटनच्या 19 वर्षांना आणि न्यूझीलंडच्या एकट्या 1951 सालाला सारखेच वजन दिले होते. हर्नडन, मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी 2013 साली काढलेली सरासरी 2.2 टक्के भरली. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली. मात्र वजनाची पद्धत सदोष असल्याचे नाकारले, आणि अधिक कर्जाबरोबर वाढ मंदावते हे आपले मत कायम ठेवले.

ही चूक कोणा साहाय्यकाची होती, असे येथे सुचवावयाचे नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ओळ सुटणे ही चूक आहे, तर वजन ठरविणे हा निर्णय आहे. चूक दुसऱ्याने स्वतंत्रपणे गणित केल्यास सापडते. निर्णय मात्र कारणांसह लिहून ठेवला असेल तरच त्याची चर्चा संभवते. म्हणून मूळ आकडे कधीही न बदलणे, प्रत्येक दुरुस्ती संगणकीय आज्ञावलीत नोंदविणे आणि गाळलेल्या नोंदींची यादी ठेवणे हे साहाय्यकाचे प्राथमिक कर्तव्य ठरते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननेही 2019 पासून आपल्या नियतकालिकांतील लेखांची आकडेवारी व आज्ञावली प्रकाशनापूर्वी तपासण्याची व्यवस्था केली आहे.

या कामी तांत्रिक कौशल्याइतकेच धैर्यही लागते. वरिष्ठांच्या अपेक्षेशी न जुळणारा आकडा हाती आल्यास तो स्पष्टपणे पुढे ठेवण्याची मोकळीक साहाय्यकास असली पाहिजे. आणि ती देण्याची जबाबदारी अर्थातच मुख्य संशोधकाची आहे.