विहिरीत डोकावा, मग जेसीबीला फोन करा

लेखमाला : सांडपाण्याची वाट, भाग 6

मागच्या भागात सेप्टिक टाकीचं माप ठरलं. 10 माणसांच्या घराला, दर दोन वर्षांनी उपसा धरून, आतून 2 मीटर लांबी, 90 सेंटीमीटर रुंदी, 1.4 मीटर पाण्याची खोली आणि वर 30 सेंटीमीटर मोकळी जागा. आता त्यात विटांच्या भिंती, गवंड्याला बाहेरून हात फिरवण्यापुरती जागा, तळाचं काँक्रीट आणि वरचा स्लॅब धरा. खड्डा होतो सुमारे 10 फूट लांब, साडेसहा फूट रुंद, साडेसहा फूट खोल. म्हणजे सव्वाचार ब्रास. खणलेली माती फुगते, त्यामुळे अंगणात ढीग पडतो साडेपाच ब्रासच्या आसपास. बहुतेक जण खड्ड्याचा विचार करतात आणि ढिगाला विसरतात. मग काठावरच माती टाकली जाते आणि तिच्या वजनानं काठ आत येतो.

एवढ्या कामाला कुठलं यंत्र? शिरूर-दौंडमध्ये याचं उत्तर गावागणिक बदलतं. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडे वरची माती वीतभर, खाली मुरूम आणि लगेच खडक. दौंडच्या दक्षिणेला रोटी, कुसेगावकडेही असंच जिरायती, उथळ रान. उलट भीमेच्या काठानं पारगाव, नानगावला गेलात तर काळी माती पुरुषभर खोल. यवत, केडगाव, वरवंडच्या पट्ट्यात खडकवासल्याचा कालवा आणि बारमाही ऊस, त्यामुळे खणायला लागलं की पाणी लवकर भेटतं. टाकी तीच, पण एका ठिकाणी ब्रेकर लागेल, दुसऱ्या ठिकाणी पंप.

आपल्याकडे काय आहे हे कळायला चाचणीचा खर्च लागत नाही. जवळच्या विहिरीत डोकावायचं. न बांधलेल्या विहिरीच्या भिंतीवर सगळा हिशेब मांडलेला असतो: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. मुरूम साडेसहा फुटांपर्यंत टिकत असेल तर बकेटनं काम होईल. मांजऱ्या मऊ असेल तर बकेटचे दात तो ओरबाडून काढतात. पण तीन फुटांवर पाषाण दिसला तर सुरुवातीलाच ब्रेकरचं यंत्र सांगा. बकेटवाला येणार, तीन फूट खणून दात घासणार, परत जाणार, मग ब्रेकरवाला येणार, आणि दोघांची येण्याजाण्याच्या पैशांची बोली वेगळी. ब्रेकरचा तासाचा दरही बकेटपेक्षा जास्त असतो, तेव्हा दोन्ही दर आधीच विचारून घ्यावेत. वस्तीत सुरुंगाचा विषय काढू नये. त्याला परवाना लागतो आणि शेजारच्या भिंतींना तडे जातात ते वेगळंच. जिथं यंत्र शिरतच नाही तिथं ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर अजूनही कामाचा आहे.

साध्या मुरमाड जागेत जेसीबीला तोड नाही. पुढे लोडर, मागे खोदणारा हात, वजन साडेसात टनांच्या घरात, आणि टायरवर असल्यानं ते रस्त्यानं स्वतःच चालत येतं. मागचा हात आडव्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरकतो, म्हणून कंपाउंडच्या भिंतीलगतही चर मारता येते. रुंदी मात्र सव्वासात फुटांच्या पुढे. शिरूरच्या जुन्या गावठाणात आठ फुटी बोळ असेल तर गाडी कागदावर बसते. पायऱ्या, ओटे आणि विजेचा खांब मोजल्यावर बसत नाही. तिथं रबरी पट्ट्यांचं तीन टनी मिनी पोकलेन बोलवावं. ते एका जागी उभं राहून चौफेर फिरतं, म्हणजे माती मागे टाकायला पुढे-मागे करावं लागत नाही. मोठं पोकलेन हे 20 टनी धूड ट्रेलरवरून आणावं लागतं. सणसवाडी-शिक्रापूरकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीला किंवा मंगल कार्यालयाला ते परवडेल. बंगल्याला ते बोलावणाऱ्याचा उत्साह मला कळतो, हिशेब कळत नाही.

आता दोन गोष्टी, ज्या यंत्रवाला सांगत नाही.

पहिली तळाची. ऑपरेटर हौसेनं फूटभर जास्त खणतो आणि "साहेब, माती परत टाकू की" म्हणतो. परत टाकलेली माती टाकीच्या वजनानं बसते, टाकी एका कोपऱ्यावर कलते आणि घरातून येणारा पाइप सांध्यात तुटतो. म्हणून शेवटची वीतभर माती फावड्यानंच काढायची. चुकून जास्त खणलं गेलंच तर ती जागा काँक्रीटनं भरावी. दीड मीटरपेक्षा खोल, सरळ कापलेल्या काळ्या मातीच्या खड्ड्यात मात्र भिंतींना आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये, मग तो तळ साफ करायलाच का असेना.

दुसरी टाकीतून येणारं पाणी जिरवणाऱ्या शोषखड्ड्याची, आणि ही जास्त महत्त्वाची. ओल्या चिकणमातीवरून बकेटची पाठ फिरली की भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. पाणी जिरण्याची बारीक वाट तिथंच बुजते. खड्डा दोन वर्षांत तुंबतो आणि दोष टाकीला दिला जातो. त्यावर उपाय साधा आहे: माती कोरडी असताना खणा, आणि खणून झाल्यावर भिंती दाताळ्यानं खरवडून घ्या. तसंच शोषखड्ड्याच्या जागेवरून साडेसात टनांची गाडी फिरवू नका, आधीही नाही आणि नंतरही नाही. ऑपरेटर वळायला तीच मोकळी जागा निवडतो. म्हणून ती चुन्यानं आखून ठेवावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 18 मीटर अंतर राखायचं, हे आधीच्या भागात आलंच आहे.

कालव्याच्या पट्ट्यात फायबर किंवा प्लास्टिकची तयार टाकी बसवत असाल तर आणखी एक धोका असतो. खड्ड्यात पाणी भरलं की 2000 लिटरच्या रिकाम्या टाकीला ते जवळपास 2 टनांनी वर ढकलतं. बाहेरून मुरूम भरताना आत तेवढंच पाणी भरत जायचं. मुहूर्त बघायचाच असेल तर एप्रिल-मे बघावा, तेव्हा भूजल सर्वात खाली असतं.

घोड नदीच्या काठी राहणाऱ्यांसाठी जाता जाता: याच शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून पुढे कित्येक वर्षं उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती उजेडात आणली. तेव्हा बकेटमध्ये रंगीत नक्षीची खापरं दिसू लागली तर मशीन थांबवून तहसील कार्यालयाला कळवा.

राहिला तो साडेपाच ब्रासचा ढीग. काळी माती टाकीभोवती परत भरू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला रेटते. भरावाला मुरूमच हवा. काळी माती शेजारचा शेतकरी आनंदानं नेतो. ट्रॉली त्याची, भरून देणारा लोडर तुमचा, एवढी बोली यंत्र दारात उभं असतानाच करून टाकावी, कारण ते परत गेलं की त्याच कामाचे तास नव्यानं सुरू होतात.