आठ तारांचा सांधा

संधि हें प्रकरण आम्हीं शाळेंत तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. पण एक सांधा चुकला म्हणजे सबंध घराची झोप कशी उडते, हें पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला.

आमचें घर कोल्हापुरांत मंगळवार पेठेंत, जुन्या बांधणीचें आहे. भिंती दगडामातीच्या, दीड हात जाड. उन्हाळ्यांत त्यांसारखें सुख नाहीं; परंतु इंटरनेटच्या बिनतारी लहरी सोप्यांतून निघून माडीवरील मागल्या खोलीपर्यंत पोंचतां पोंचतां क्षीण होतात. धाकट्या सूनबाई त्याच खोलींत बसून पुण्याच्या एका कंपनीचें काम करतात. सभेंत बोलतां बोलतां त्यांचा चेहरा पडद्यावर गोठूं लागला, वरिष्ठांची विचारणा झाली, आणि एके रात्रीं पानावर बसल्यावर चिरंजीवांनीं विषय काढलाच: "बाबा, आम्ही पुण्यास बिऱ्हाड करावें म्हणतों." त्या रात्रीं घरांत कोणी फारसें जेवलें नाहीं.

लहरींवर न विसंबतां तार ओढून घ्यावी, असें ठरलें. कारागीर आला. त्यानें पंचवीस-तीस मीटर तार फिरविली, दोन्ही टोकांस कनेक्टर बसविले, तपासणीच्या डबीवर आठही दिवे क्रमानें लावून दाखविले आणि पैसे घेऊन गेला. पण जोडणी कधीं लागे, कधीं सुटे. लागली तरी सेकंदास हजार मेगाबिटच्या ठिकाणीं शंभराचा आंकडा दिसे. दिवे तर सगळे लागतात, मग दोष कोठें? नातवानें माहिती काढली, आम्हीं भिंग घेतलें आणि आजा-नातू त्या बोटाएवढ्या पारदर्शक वस्तूच्या पाठीस लागलों.

बाजारांत तिला 'आरजे ४५' म्हणतात. आरजे म्हणजे 'रजिस्टर्ड जॅक'. नांव अमेरिकेंतील टेलिफोनच्या व्यवहारांतलें. आंत आठ तारा जातात, पण त्या आठ सुट्या तारा नव्हेत. पीळ दिलेल्या चार जोड्या आहेत. सारें मर्म या पिळांत आहे. पीळ दिलेल्या जोडीचें पेटंट टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनें १८८१ सालींच घेतलें होतें. जोडींतील एका तारेंतून संदेश जसाच्या तसा जातो, दुसरींतून उलटा. बाहेरचा गोंगाट मात्र दोहींवर सारखाच पडतो. पलीकडचें यंत्र दोहोंतील फरक तेवढा घेतें, म्हणून सारखा असलेला गोंगाट वजा होऊन जातो. शिवाय चारही जोड्यांचे पीळ कमीअधिक घट्ट ठेवलेले असतात. हेतु हा कीं, शेजारणींनीं एकमेकींचें बोलणें ऐकूं नये. एकत्र कुटुंबांत राहणारांस याचें महत्त्व आम्हीं काय सांगावें!

आमच्या कारागिरानें रंग जोडीजोडीनें ओळीनें लाविले होते: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, प्रत्येकाच्या आधीं त्याची पांढऱ्या पट्ट्याची सोबतीण. दिसावयास सुरेखच! परंतु यंत्र तिसरी व सहावी जागा मिळून एक जोडी मानतें, आणि मधल्या चौथी-पांचवीची दुसरी. मधल्या दोन जागा एका जोडीस देण्याचा रिवाज टेलिफोनपासूनचा. पुढली जोडी तिच्या दोहों बाजूंस बसली. त्यामुळें आमच्याकडे तिसऱ्या जागीं पांढरी-हिरवी आणि सहाव्या जागीं निळी, अशा एकमेकींशीं कधींच न पिळलेल्या तारा एका संदेशाच्या वाटेकरी झाल्या. चूक दोन्ही टोकांस सारखीच असल्यानें दिवे बिनतक्रार लागले. तार पोंचली, एवढेंच दिव्यास कळतें. ती कोणाबरोबर पिळली आहे, हें कळत नाहीं.

खरा क्रम असा. कनेक्टरची खिटी खालीं, सोनेरी पट्ट्या वर आणि तारा घालावयाचें तोंड आपल्याकडे धरावें. मग डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. यास 'बी' क्रम म्हणतात. 'ए' क्रमांत नारिंगी व हिरव्या जोडीची अदलाबदल होते. कोणताहि चालेल, दोन्ही टोकांस तोच ठेवावा म्हणजे झालें.

राजारामपुरींतून दाबण्याची पक्कड आणि कनेक्टरचें पाकीट आणलें. पहिले तीन वायां गेले. एकदां दाबलेला कनेक्टर पुन्हां उपयोगीं पडत नाहीं. पहिल्यांत आम्हीं रंगीत तारांचेंहि आवरण सोललें. तें सोलावयाचें नसतें. पक्कड दाबली कीं पट्ट्यांचे दांत तें भेदून तांब्यास भिडतात. दुसऱ्यांत पीळ फार उलगडला. अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये. तिसऱ्यांत बाहेरचें जाड आवरण कनेक्टरच्या आंत गेलेंच नव्हतें, त्यामुळें सगळी ओढ नाजूक तारांवर आली. चौथा साधला.

तार घेतांना टोक सुरीनें खरवडून पाहावें. आंतून पांढुरकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. स्वस्त पडते, पण वांकवितांना तुटते. विजेच्या तारेस खेटून ही तार नेऊं नये, आणि शेजारच्या इमारतींत तर मुळींच ओढूं नये. वळवाची वीज आपल्याकडे कशी पडते हें सर्वांस ठाऊक आहे.

दोन्ही टोकें नवीं बसवून झालीं तेव्हां रात्रीचे अकरा वाजले होते. पडद्यावर हजाराचा आंकडा उमटला. सूनबाईंनीं खालीं येऊन चहा टाकला आणि आम्हांस न विचारतांच त्यांत दोन चमचे साखर घातली. एरवीं त्या आम्हांस ती मिळूं देत नाहींत.

त्या गोष्टीस हा दुसरा पावसाळा. पुण्याच्या बिऱ्हाडाचा विषय पुन्हां निघालेला नाहीं. मात्र थोरल्या सूनबाईंनींहि आतां आपल्या खोलींत एक तार मागितली आहे, आणि पाकिटांत चारच कनेक्टर उरले आहेत.