किनारी प्रवाह, पश्चिम भारतीय

किनारी प्रवाह, पश्चिम भारतीय : अरबी समुद्रात भारताच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर वाहणारा व ऋतुमानानुसार दिशा बदलणारा सागरी प्रवाह. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळात तो दक्षिणेकडे, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडे वाहतो. त्याची दिशा व वेग केवळ स्थानिक वाऱ्यांवर अवलंबून नसून बंगालचा उपसागर, विषुववृत्तीय हिंदी महासागर व पॅसिफिक महासागर येथील जलवायुमानीय घडामोडींचाही त्यावर परिणाम होतो.

मुंबई उपनगरातील जुहूच्या पुळणीवरून हा प्रवाह जाणवत नाही. तेथे भरती-ओहोटीचे प्रवाह प्रबळ असून उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत ४ मी.हून अधिक फरक पडतो. या परिसरातील कोळी डोल जाळी लावतात, ती याच प्रवाहांच्या आधाराने. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन २०० किमी.हून अधिक रुंद आहे. किनारी प्रवाह मुख्यत्वे तिच्या कडेवरून व उतारावरून वाहतो. तथापि त्याच्याबरोबर येणाऱ्या पाण्याचे तापमान, लवणता व ऑक्सिजनाचे प्रमाण यांचा परिणाम किनाऱ्यालगतच्या मासळीपर्यंत पोहोचतो.

दूरस्थ प्रेरणा : हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर वारे सामान्यतः उत्तरेकडून वाहतात, प्रवाह मात्र त्यांच्या विरुद्ध, उत्तरेकडे जातो. या विसंगतीचे स्पष्टीकरण किनारी केल्व्हिन तरंगांवरून मिळते. उत्तर गोलार्धात हे तरंग किनारा उजव्या बाजूस ठेवून पुढे सरकतात व दिवसाला सु. २०० किमी. अंतर कापतात. विषुववृत्तावरील वारे बदलले म्हणजे निर्माण होणारा तरंग सुमात्राच्या किनाऱ्याशी पोहोचतो. तेथून त्याचा एक भाग बंगालच्या उपसागराच्या कडेने फिरून श्रीलंकेला वळसा घालतो आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे येतो. बंगालच्या उपसागरावरील व श्रीलंकेजवळील वाऱ्यांमुळेही असे तरंग निर्माण होतात. त्यामुळे दूरवरच्या वाऱ्यांतील बदलाचा परिणाम कोकणसमोरील समुद्रात काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दिसतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) संशोधकांनी या विषयात महत्त्वाचे कार्य केले आहे.

वर्षावर्षांतील फरक : भारतीय वेधशाळांचे महासंचालक (१९०४–२४) गिल्बर्ट वॉकर यांनी मॉन्सूनचा अंदाज वर्तविण्याच्या प्रयत्नातून दक्षिणी आंदोलनाचा शोध लावला. पॅसिफिकमधील एल् निनो या घटनेशी ते निगडित आहे. हिंदी महासागराच्या पूर्व व पश्चिम भागांतील तापमानांत आलटून पालटून पडणाऱ्या फरकास हिंदी महासागरी द्विध्रुव म्हणतात. त्याचे वर्णन १९९९ मध्ये करण्यात आले. १९९७ व २०१९ ही तीव्र धन द्विध्रुवाची वर्षे होत. अशा वर्षी विषुववृत्तावर पूर्वेकडील वारे प्रबळ होतात व तरंगांचा नेहमीचा क्रम बिघडतो.

याचा मासेमारीशी निकटचा संबंध आहे. पावसाळ्यात खालचे कमी ऑक्सिजनाचे पाणी समुद्रबूड जमिनीवर चढते. १९९९ च्या पावसाळ्याअखेर पश्चिम किनाऱ्यासमोर ऑक्सिजनाची तीव्र टंचाई नोंदली गेली. अशा पाण्यात तळाजवळच्या जीवांना तग धरणे कठीण जाते. धन द्विध्रुवाच्या वर्षी उबदार पाण्याचा थर जाड होऊन कमी ऑक्सिजनाचे पाणी खोल राहते व ही टंचाई टळण्याकडे कल असतो, असे प्रतिमानांवरून दिसते.

दीर्घकालीन बदल : मुंबईत अपोलो बंदर येथील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध असून हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. समुद्रपातळीतील दशकानुदशकांचे चढउतार व मॉन्सूनचा पाऊस यांत साम्य असल्याचे डी. शंकर व सतीश शेट्ये यांनी १९९९ मध्ये दाखविले. त्यांच्या गृहीतकानुसार पाऊस अधिक झाला की नद्यांतून अधिक गोडे पाणी समुद्रात येते. किनाऱ्यालगतचे पाणी कमी खारट, म्हणून हलके होते व पातळी उंचावते. बंगालच्या उपसागरातील असे पाणी हिवाळी प्रवाहाबरोबर पश्चिम किनाऱ्यावर येते. किनारा व खुला समुद्र यांच्या पाण्यातील घनतेचा फरक बदलल्याने प्रवाहही बदलतो. अशा रीतीने गंगेच्या खोऱ्यातील पर्जन्याचा संबंध मुंबईच्या समुद्रपातळीशी पोहोचतो.

या चढउतारांवर जागतिक तापमानवाढीची भर पडली आहे. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठाचे उन्हाळी तापमान सु. १·२° से. ने वाढले. नैसर्गिक आंदोलने व ही वाढ यांचा परिणाम वेगळा करण्यास अनेक दशकांची मापने लागतात. त्यासाठी मुंबई व गोवा यांसमोर तळाशी नांगरलेली प्रवाहमापके बसविण्यात आली आहेत. पृष्ठतापमानाच्या उपग्रहीय मापनांवरून हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती मच्छीमारांना पुरविते.