पराभवाला मिळणारा भाव

२६ मार्च २०१५ च्या रात्री अमेरिकेतील बफेलो शहरात एक विलक्षण दृश्य दिसले. नॅशनल हॉकी लीगच्या त्या मोसमातील सर्वांत दुबळे दोन संघ, यजमान बफेलो सेबर्स आणि ॲरिझोना कायोटीज, समोरासमोर होते. सामना बरोबरीत राहून जादा वेळेत गेला. ॲरिझोनाच्या सॅम गॅनियरने विजयी गोल केला, तेव्हा तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या बफेलोच्याच प्रेक्षकांपैकी कित्येकांनी जल्लोष केला. आपला संघ हरला, याचाच तो आनंद होता.

हे प्रेक्षक वेडे नव्हते. त्यांचे गणित पक्के होते. अमेरिका आणि कॅनडा येथील बर्फावरच्या हॉकीत नवोदित खेळाडू आपला संघ स्वत: निवडू शकत नाही. १९६३ पासून तेथे ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. साधारणत: अठरा वर्षांच्या होतकरू खेळाडूंवर संघ पाळीपाळीने हक्क सांगतात आणि तळाच्या संघाला आधी पाळी मिळते. हेतू उदात्त आहे. श्रीमंत शहरांनी सारे गुणी खेळाडू पळवू नयेत, दुबळ्याला हात मिळावा आणि स्पर्धेतील चुरस टिकावी. परंतु मदत दुबळेपणाच्या मापाने वाटली जाऊ लागली की दुबळे राहण्यालाच किंमत येते. मार्चअखेर अनुदान शिल्लक राहिले तर पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाईल, या भीतीने कपाटे आणि खुर्च्यांची खरेदी करणारी कचेरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. युरोपातील फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. आपल्या आयपीएलच्या लिलावात खर्चाची मर्यादा सर्वांना सारखीच असते. त्यामुळे दोन्हीकडे तळ गाठण्यात लाभ नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये शिक्षा नाही, उलट बक्षीस आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मैदानावरचा खेळाडू हरण्यासाठी खेळत नसतो. त्याचा पुढचा करार त्याच्या खेळावर ठरतो आणि ज्या नवागतासाठी हा खटाटोप चालतो, तो कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. हरण्याची तयारी व्यवस्थापकाच्या खोलीत होते. १९८३-८४ च्या मोसमात पिट्सबर्ग पेंग्विन्सने आपला नामांकित बचावपटू रँडी कार्लाइल याला मोसम संपत आला असता विनिपेगला देऊन टाकले. गोलरक्षक रॉबर्टो रोमानो याला दुय्यम संघात पाठविले. अखेर पिट्सबर्गचे ३८ गुण झाले, न्यू जर्सीचे ४१. या तीन गुणांच्या ‘आघाडी’मुळे मारिओ लेम्यू हा असामान्य खेळाडू पिट्सबर्गला मिळाला. त्या वेळचे प्रशिक्षक लू अँगोटी यांनी पुढे कित्येक वर्षांनी हा डाव उघडपणे मान्य केला.

हरण्याचे समर्थक याच उदाहरणाचा दाखला देतात आणि तो पोकळ नाही. लेम्यूने पिट्सबर्गला १९९१ व १९९२ चे स्टॅनले चषक मिळवून दिले. पुढे क्लब दिवाळखोरीत गेला, तेव्हा आपल्या थकलेल्या वेतनाचे भागभांडवलात रूपांतर करून १९९९ मध्ये तो क्लबचा मालकही झाला. पण तारखा नीट पाहाव्यात. लेम्यू आल्यावर पहिली चार वर्षे संघ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. चषक आला तो सातव्या मोसमात. यारोमीर यागर याला पाचव्या क्रमांकावर निवडल्यानंतर आणि रॉन फ्रान्सिससारखा अनुभवी खेळाडू देवघेवीत आणल्यानंतर. शिवाय लेम्यूसारखा खेळाडू दरवर्षी जन्माला येत नाही, आणि येणार असला तरी तो ओळखता येईलच असे नाही.

ऑटावा संघाने हा धडा फार महाग किमतीला विकत घेतला. १९९२-९३ मध्ये ऑटावा आणि सॅन होजे या दोन्ही संघांचे गुण २४ झाले. ऑटावाचे विजय एकाने कमी असल्याने पहिली पाळी त्यांना मिळाली. त्यांनी अलेक्झांडर डेगल याला निवडून पाच वर्षांसाठी सव्वा कोटी डॉलरच्या घरातला करार दिला. तो साधारण खेळाडू ठरला. त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला ख्रिस प्राँगर मात्र त्या पिढीतील श्रेष्ठ बचावपटूंपैकी एक झाला. संघाच्या मालकाच्या उद्गारांवरून गवगवा होऊन लीगने ऑटावाला एक लाख डॉलर दंड केला, आणि १९९५ पासून पहिल्या पाळीसाठी सोडत सुरू झाली.

सोडतीने हरण्याचा भाव उतरला, पण तो शून्यावर आला नाही. २०१५ मध्ये सर्वांत तळाच्या संघाला पहिली पाळी मिळण्याची शक्यता केवळ २० टक्के होती. बफेलोने तरीही पणाला लावायचे ते सारे लावले. चांगला खेळ करू लागलेले दोन गोलरक्षकसुद्धा त्यांनी मोसमाच्या मध्यावर दुसऱ्या संघांना देऊन टाकले. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो कॉनर मॅकडेव्हिड साडेअकरा टक्के शक्यता असलेल्या एडमंटनला मिळाला. बफेलोच्या वाट्याला दुसऱ्या क्रमांकाचा जॅक आयकल आला. तोही कमी प्रतीचा खेळाडू नव्हता. पण आयकल चषक जिंकला तो २०२३ मध्ये, व्हेगास संघाकडून. आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, बफेलोने याच मार्गाने मिळविलेला सॅम राइनहार्ट फ्लोरिडाला गेला आणि २०२४ च्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात निर्णायक गोल त्याने केला. बफेलो संघ मात्र २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग चौदा मोसम बाद फेरीच्या बाहेर राहिला. लीगच्या इतिहासात इतका दीर्घ वनवास दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आला नव्हता.

जमाखर्चात न दिसणारा एक तोटा येथे ध्यानात येतो. बफेलोचा रायन ओ’रायली याने २०१८ च्या मोसमाअखेर जाहीरपणे सांगितले, की हरणे संघाच्या अंगवळणी पडले आहे आणि आपले खेळावरचे प्रेम अधूनमधून आटत गेले. पराभव हे नळाचे पाणी नव्हे, की काम झाल्यावर तोटी बंद करावी. तीन-चार वर्षे हरण्याच्या वातावरणात वाढलेल्या विशीतल्या मुलांना जिंकण्याची सवय मागाहून कोणी लावायची? ओ’रायलीला त्याच उन्हाळ्यात सेंट लुइसला पाठविण्यात आले. जानेवारी २०१९ च्या प्रारंभी हा संघ सबंध लीगमध्ये तळाला होता. हरण्याचे गणित मांडणाऱ्यांनी तेथेच मोसम सोडून देण्याचा सल्ला दिला असता. सेंट लुइसने तो सोडला नाही. त्याच जूनमध्ये त्यांनी आपला पहिला स्टॅनले चषक जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ओ’रायलीला मिळाला.

डेट्रॉइटने २०१६ पर्यंत सलग पंचवीस मोसम बाद फेरी गाठली, म्हणजे वरच्या पाळ्या त्यांना मिळतच नव्हत्या. त्यांनी पावेल डॅट्स्यूक १९९८ मध्ये १७१ व्या आणि हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर निवडला. २००८ च्या चषकाचे हे दोघे आधारस्तंभ होते. उलट २०१६-१७ मध्ये तळाला गेलेल्या कोलोरॅडोची सोडतीत चौथ्या पाळीपर्यंत घसरण झाली. तिथे त्यांनी केल मकार याला हेरले आणि २०२२ मध्ये चषक नेला. खेळाडू ओळखणारी नजर आणि त्याला घडविण्याची चिकाटी ज्यांच्याजवळ आहे, त्यांना चौथी पाळीही पुरते. ज्यांच्याजवळ ती नाही, त्यांना पहिलीही पुरत नाही: एडमंटनने २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिली पाळी मिळविली आणि त्यानंतरची चार वर्षेही बाद फेरीविनाच काढली.

नियमच असा का नसावा, की दुबळ्याला मदत मिळावी पण हरून नव्हे? ॲडम गोल्ड या अमेरिकी अभ्यासकाने याचे एक उत्तर सुचविले आहे. बाद फेरीची आशा संपल्यानंतरच्या सामन्यांत जो संघ अधिक गुण मिळवील, त्याला पहिली पाळी द्यावी. दुबळा संघ लवकर बाद होतो, म्हणून त्याला गुण जमविण्यास अधिक सामने मिळतात. मात्र त्यासाठी त्याला जिंकावे लागते. मुद्दाम लवकर बाद होण्याची पळवाट यातही उरते, हे खरे. परंतु मार्च महिन्यात तिकीट काढून आलेल्या माणसाला निदान आपल्या संघाच्या गोलावर टाळी वाजविता येते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगने पहिल्याच मोसमापासून हा नियम स्वीकारला. पुरुषांच्या लीगने आजवर सोडतीची टक्केवारी पुन:पुन्हा बदलण्यावरच समाधान मानले आहे.