बाणगंगेकाठचे गाव

मुंबईच्या मलबार टेकडीवरील उंच इमारतींमधून समुद्राच्या बाजूस दगडी पायऱ्यांची एक अरुंद वाट उतरते. ती उतरू लागताच मोटारींचा गलबला मागे पडतो आणि थोड्याच वेळात चारही बाजूंनी पायऱ्या बांधलेला आयताकृती तलाव समोर येतो. हीच बाणगंगा. तिच्याभोवती देवळे, दीपमाळा, मठ, धर्मशाळा आणि जुनी बैठी घरे दाटीने उभी आहेत. पाण्यात बदके पोहतात, पायऱ्यांवर कोणी श्राद्धविधी करीत बसलेले असते. महानगराच्या कुशीत असूनही वाळकेश्वरच्या या वस्तीने आपला गावपणा सोडलेला नाही.

सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने येथे वाळूचे शिवलिंग करून पूजिले, म्हणून देवाचे नाव वालुकेश्वर पडले. आणि तहान भागविण्यासाठी भूमीत बाण मारताच पाणी उसळले, ती बाणगंगा, अशी कथा आहे. तलावाच्या मध्यभागी उभा असलेला खांब त्या बाणाची खूण मानतात.

कथा बाजूला ठेवली तरी आश्चर्य उरतेच. समुद्र येथून हाकेच्या अंतरावर आहे. मग तलावाचे पाणी गोडे कसे? याचे उत्तर टेकडीच्या पोटात आहे. ही टेकडी काळ्या बेसाल्ट खडकाची. तिच्यावर पडलेले पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत खाली येते व झऱ्याच्या रूपाने तलावात उतरते. टेकडीत मुरलेल्या या पाण्याची पातळी समुद्राहून उंच असते. त्याचा दाब समुद्राच्या दिशेने असल्यामुळे खारे पाणी आत शिरू शकत नाही. म्हणजे तलाव खाली दिसत असला, तरी त्याचे भांडार वर आहे. टेकडीवरील माती फरशीखाली गेली किंवा खोल पायांसाठी खडक फोडला, तर झऱ्याच्या वाटाच तुटतील. काठ कितीही झाडून स्वच्छ ठेवला, तरी त्या जोडता येणार नाहीत.

शिलाहार राजांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने ११२७ मध्ये हा तलाव व देऊळ बांधले, असे परंपरा सांगते. पुढे पोर्तुगीज अमदानीत देऊळ नष्ट झाले. ते १७१५ मध्ये पुन्हा उभारले रामा कामती या धनिक शेणवी गृहस्थाने. कामती हा इंग्रज कंपनीच्या विश्वासातला माणूस. परंतु कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून कंपनीनेच १७२० मध्ये त्याला शिक्षा ठोठावली. ज्या पत्रांवर हा आरोप उभा होता, ती बनावट असल्याचे नंतर उघड झाले. तोवर बिचाऱ्याचा अंत तुरुंगातच झाला होता. त्याने बांधविलेले देऊळ मात्र राहिले.

एके काळी मुंबईत असे तलाव पुष्कळ होते. गवळी जेथे गुरे धूत तो गवालिया तलाव, धोबी जेथे कपडे धूत तो धोबी तलाव. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि जुन्या तलावांची गरज सरली. साचलेल्या पाण्यात डास वाढतात व ते हिवताप पसरवितात, हे कळल्यावर तर असे पाणी शहराला नकोसेच झाले. एकेक तलाव बुजला. गवालिया तलावाच्या जागी मैदान झाले, आणि तेथेच ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला. धोबी तलाव आज केवळ एका चौकाचे नाव आहे. बाणगंगा टिकली, कारण तिचे पाणी वाहते होते आणि लोकांची तिच्यावर श्रद्धा होती.

तीच श्रद्धा तिला भारही होते. पितृपक्षात पाण्यात सोडलेले पिंड, पीठ व फुले कुजतात, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरून वर तरंगतात. पितरांच्या तृप्तीसाठी केलेल्या कर्माची किंमत मुक्या जिवांनी द्यावी, हे विपरीतच म्हणावे लागेल. जून २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी तलावात एक अवजड यंत्र उतरविण्यात आले, तेव्हा त्याच्याखाली काही जुन्या पायऱ्या भंगल्या. पायऱ्यांचा दगड पुन्हा बसविता येतो. झऱ्याचे तसे नाही. तो टेकडीतच जपावा लागतो, आणि त्या टेकडीवर आज शहरातील सर्वांत महागडी घरे उभी आहेत.